बुद्धिबळाची खिडकी मिनिमाइझ केल्यावर इंजिनाने काय करावं?

तिरका_उंट

मंडळी, कोथरूडमधल्या एका बुद्धिबळ वर्गासाठी फावल्या वेळात प्रोग्रॅम लिहितोय. समोर पट, मागे चाली शोधणारं इंजिन, म्हणजे स्टॉकफिश, आणि कामं तीन: संगणकाशी डाव, खेळलेल्या डावाचं विश्लेषण, आणि दोन इंजिनांची आपसात झुंज. वापरणार मुलं, तीही घरातल्या जुन्या लॅपटॉपवर, म्हणजे आईबाबांनी नवा घेतल्यावर त्यांच्याकडे आलेल्या.

वाद पेटलाय तो खिडकीच्या कोपऱ्यातल्या आडव्या रेघेवरून. वर्गाचे सर म्हणतात, खिडकी खाली गेली की सगळं थांबवा, घड्याळसुद्धा. मूल जेवायला उठतं, परत येतं तोवर वेळ संपून हरलेलं असतं, मग रडारड आणि सरांना फोन. माझ्यासोबत कोड लिहिणारा मित्र म्हणतो, काहीच थांबवायचं नाही. खिडकी दिसतेय की नाही याच्याशी इंजिनाला काय देणंघेणं?

मला वाटतं, मिनिमाइझ करणाऱ्याने फक्त एवढंच सांगितलंय की मी आत्ता बघत नाही. त्यातून 'थांब' असा हुकूम काढणं हा आगाऊपणा. पण कोणी बघत नसताना चारही कोअर तापवत बसायचं आणि त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही, हाही आगाऊपणाच. तुम्ही वापरता ते प्रोग्रॅम काय करतात आणि त्यांनी काय करायला हवं होतं, दोन्ही सांगा.

हिंजवडी_फेज_तीन

रुमाल टाकून ठेवतो. ऑफिसात बुद्धिबळाची खिडकी खाली टाकण्याच्या विषयात माझा अधिकार मोठा आहे. मीटिंग संपली की लिहितो.

आडवा_हत्ती

उंटराव, तुमचा मित्र तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, पण त्यातून त्याने काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

इंजिन आणि पट हे दोन वेगळे प्रोग्रॅम असतात. त्यांच्यात बोलणं होतं ते यूसीआय नावाच्या साध्या मजकुरी भाषेत. श्रेडर हे इंजिन लिहिणारे स्टेफान मायर-कालेन यांनी रुडॉल्फ हूबर यांच्यासोबत ती २००० साली आणली. त्या भाषेत खिडकी हा शब्दच नाही. पटाने 'गो इन्फिनिट' म्हटलं की 'स्टॉप' येईपर्यंत इंजिन शोधत राहणार, आणि मधेच आपण होऊन उत्तर देऊन थांबायची त्याला मुभाही नाही. म्हणजे खिडकी खाली गेल्यावर काय करायचं ते सगळं तुमच्या पटाने ठरवायचं. इंजिनाकडे बोट दाखवता येणार नाही.

यूसीआयमध्ये 'जरा थांब, नंतर इथूनच पुढे' असा हुकूम नाही. फक्त 'स्टॉप'. पण विश्लेषणात तो वाटतो तेवढा महाग पडत नाही. तपासलेल्या स्थिती इंजिन हॅश टेबलमध्ये, म्हणजे मेमरीतल्या एका तक्त्यात, ठेवतं, आणि 'स्टॉप' दिल्याने ते टेबल पुसलं जात नाही. त्याच स्थितीवर पुन्हा 'गो' म्हणा, आधी गाठलेली खोली (म्हणजे किती चाली पुढचं पाहिलं ते) पहिल्यापेक्षा खूप लवकर परत येते. अट एकच, हॅश पुरेसं मोठं हवं. स्टॉकफिशचं मूळ सेटिंग १६ एमबीचं आणि एकाच थ्रेडचं, म्हणजे कामाच्या एकाच धाग्याचं, आहे. १६ एमबीत लांबलचक विश्लेषण केलंत तर जुन्या नोंदींवर नव्या बसत जातात आणि परत मिळण्यासारखं फार उरत नाही.

आता एक खड्डा दाखवून ठेवतो, कारण यात बरेच जण पडतात. खिडकी दिसत नसताना पट रंगवायचा नाही हे ठीक. पण म्हणून इंजिनाकडून येणाऱ्या ओळी वाचणंच बंद करू नका. इंजिन सतत ओळी सोडत असतं, तीन-चार पर्यायी चाली एकदम मागितल्या असतील तर जास्तच. तुम्ही वाचल्या नाहीत तर त्या दोन प्रोग्रॅममधल्या पाइपमध्ये साठतात. लिनक्सवर त्या पाइपची नेहमीची क्षमता ६५,५३६ बाइट. ती भरली की पुढची ओळ लिहायला गेलेलं इंजिन तिथेच अडकून बसतं. मग वापरणारा म्हणतो, रात्रभर चालू होतं पण खोली काही वाढली नाही.

तिरका_उंट

हत्तीदादा, दंडवत. मग 'स्टॉप' न देता ऑपरेटिंग सिस्टिमकडूनच इंजिनाची प्रक्रिया गोठवली तर? लिनक्सवर सिगस्टॉप पाठवायचा, खिडकी वर आली की सिगकाँट.

आडवा_हत्ती

विश्लेषणात चालून जाईल. डावात नको. स्टॉकफिश आपला वेळ भिंतीवरच्या घड्याळासारखा मोजतं, प्रोसेसर किती वापरला त्यावर नाही. दहा मिनिटं गोठवून सोडलंत तर जागं झाल्यावर त्याच्या लेखी दहा मिनिटं गेलेली असतात, आणि हाताला येईल ती चाल फेकून मोकळं होतं. पोरांना वाटेल आपण स्टॉकफिशला हरवलं.

हिंजवडी_फेज_तीन

त्यात वाईट काय आहे? :)

कमी_तिखट

मी बुद्धिबळ खेळत नाही, पण माझा मुलगा अशाच एका वर्गाला जातो (तुमचाच नसावा), आणि घरातला लॅपटॉप माझा आहे. म्हणून लिहिते.

तुम्ही सगळे धरून चालला आहात की खिडकी खाली टाकणाऱ्याला काहीतरी थांबवायचंय किंवा चालू ठेवायचंय. मुलं खिडकी खाली टाकतात ती लपवायला. मी खोलीत आले की बुद्धिबळ खाली आणि विज्ञानाचा धडा वर. इंजिन चालू आहे की बंद, हा विचारच तिथे नसतो. मग संध्याकाळी मी ऑफिसच्या कॉलला बसते तेव्हा पंखा घूं घूं करतोय, मांडीवर ठेवता येत नाही, आणि बॅटरी वीस टक्क्यांवर. एप्रिल-मेमध्ये वरच्या मजल्यावरच्या घरात तर विचारू नका. दूध गॅसवर ठेवून दार ओढून घेतल्यासारखं आहे हे.

माझं म्हणणं सरळ आहे. विश्लेषण थांबवा. ज्याला चालू ठेवायचंय त्याने तसं सांगावं.

पोस्टकार्डवाला

ताईंचा त्रास समजतो, पण 'थांबवा' हे मूळ सेटिंग करण्याला माझा सक्त विरोध.

मी पत्राने बुद्धिबळ खेळतो. पूर्वी खरोखरच पोस्टकार्डावर चाली जायच्या, परदेशी प्रतिस्पर्धी असेल तर एकेक डाव वर्षानुवर्षं चालायचा. आता आयसीसीएफच्या, म्हणजे पत्रबुद्धिबळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, सर्व्हरवर खेळतो. तिथे इंजिन वापरायला परवानगी आहे, त्यामुळे सगळेच वापरतात आणि वरच्या पातळीवर बहुतेक डाव बरोबरीत सुटतात. (खेळ मेला असं म्हणणाऱ्यांसाठी वेगळा धागा काढा. मी तिथे येणार नाही.) अशा खेळात एखाद्या स्थितीवर इंजिन रात्रभर सोडून झोपायचं हाच दिनक्रम असतो. झोपण्यापूर्वी मी खिडकी खाली टाकतो, कारण लखलखता पट डोळ्यांसमोर नको असतो.

एका प्रोग्रॅमने मला न विचारता 'बुद्धिमान बचत' का काय ते सुरू केलं. सकाळी पाहतो तर रात्री झोपताना होती तीच खोली. वर कुठेही लिहिलेलं नाही की आम्ही थांबलो होतो! मी त्या कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं की हे ग्राहकांच्या सोयीसाठी आहे. कुठल्या ग्राहकांच्या, ते कळवलं नाही.

शिवाय नुसतं 'चालू ठेवा' म्हणून भागत नाही. यंत्र आपोआप झोपी गेलं तर इंजिनही झोपतं. चित्रपट दाखवणारे प्रोग्रॅम विंडोजला 'झोपू नकोस' म्हणून सांगतात, तशी विनंती लांब विश्लेषण करणाऱ्या प्रोग्रॅमने केली पाहिजे, आणि विश्लेषण संपलं की मागे घेतली पाहिजे.

अडीच_घरं

पोस्टकार्डकाका, तुमच्या त्या खोलीचा दोष दर वेळी पटाच्या प्रोग्रॅमकडेच असेल असं नाही. मी इंजिनांच्या झुंजी लावतो, त्यामुळे या भानगडीशी जुना संबंध आहे.

इंटेलने २०२१ च्या अखेरीस बाराव्या पिढीपासून डेस्कटॉपवर दोन जातींचे कोअर एकत्र आणले, काही जोरकस, काही काटकसरी. कुठलं काम कुठल्या कोअरवर टाकायचं हे विंडोज ठरवतं, आणि ठरवताना ज्या गोष्टी बघतं त्यात खिडकीही आहे. मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांत पायऱ्या दिलेल्या आहेत: समोर असलेली खिडकी वरच्या पायरीवर, दिसतेय पण समोर नाही ती मधल्या, आणि मिनिमाइझ केलेली किंवा पूर्ण झाकलेली खालच्या. बॅटरीवर असताना खालच्या पायरीचा अर्थ कमी वेग आणि काटकसरी कोअर. गाणं वाजवणारा प्रोग्रॅम असेल तर ऐकू येतं म्हणून त्याला सूट मिळते. इंजिन बिचारं गप्प बसून विचार करतं.

विंडोज ११ मध्ये अजून एक गोष्ट आहे. खिडकी खाली गेलेल्या प्रोग्रॅमला बारीक टायमर मिळेलच याची हमी नाही, मूळचा १५.६ मिलिसेकंदांचा ठोका मिळू शकतो. माणसाच्या डावात याने काडीचा फरक पडत नाही. पण झुंजीत इंजिनाला चालीला शंभर मिलिसेकंद दिलेत आणि वेळ मोजणारा पट असा अडखळत चालला, तर तुम्ही इंजिनाची ताकद मोजताय की विंडोजचा मूड, सांगता येत नाही. मॅकवर हेच दुखणं ॲप नॅप नावाने २०१३ पासून आहे.

या दोन्हीकडे प्रोग्रॅमला 'मला यातून वगळा' असं सांगायची सोय आहे. उंटराव, झुंजीच्या वेळी ती वापराच. झुंज ही खिडकीपासून पूर्ण स्वतंत्र हवी, यात मला चर्चा करायचीही इच्छा नाही.

पोस्टकार्डवाला

माझा संगणक त्याआधीचा आहे आणि भिंतीतल्या प्लगला लावलेला असतो. तेव्हा दोष कंपनीचाच.

प्यादं_पुढे

हे सगळं ब्राउझरमध्ये का करत नाही? मुलांना काही बसवायला नको.

आडवा_हत्ती

ब्राउझरमध्ये तर हा प्रश्न आणखी तीव्र. मागे गेलेल्या टॅबचे टायमर साधारण सेकंदाला एकदा एवढे मंदावतात. क्रोमने २०२१ मध्ये ८८ व्या आवृत्तीपासून आणखी आवळलं, टॅब पाच मिनिटांहून जास्त लपलेला आणि गप्प असेल तर काही टायमर मिनिटाला एकदाच तपासले जातात. वेब वर्करमध्ये, म्हणजे पानामागे वेगळ्या धाग्यात, चाललेलं स्टॉकफिश मात्र सहसा पळत राहतं. म्हणजे घड्याळ गोगलगाय आणि इंजिन सुसाट, नेमकं नको ते उलटं.

यावरून एक नियम, ब्राउझर असो वा नसो. दर ठोक्याला एक सेकंद कमी करून घड्याळ चालवू नका. चाल सुरू झाली ती वेळ लिहून ठेवा आणि दाखवताना आत्ताच्या वेळेतून ती वजा करा. मग टायमर झोपला तरी हिशेब बिघडत नाही, फक्त आकडा उशिरा रंगतो. लिचेससारख्या ऑनलाइन बुद्धिबळाच्या ठिकाणी खरा वेळ सर्व्हरकडेच असतो, तुमच्या पडद्यावर दिसते ती त्याची छाया. तुम्ही टॅब मागे टाकलात तरी डाव चालूच.

प्यादं_पुढे

आणि खिडकी सोडून गेल्याचं त्यांना कळतं ना?

आडवा_हत्ती

लिचेसचा कोड खुला आहे, त्यात दिसतं. किती चालींच्या आधी खिडकीवरून लक्ष गेलं होतं याची नोंद राहते. एवढ्यावरून कोणी लबाड ठरत नाही, आईने हाक मारली तरी लक्ष जातंच. इतर पुराव्यांच्या जोडीला ती बघतात.

पटावरचा_पंच

घड्याळाबद्दल कोणी नीट बोललंच नाही म्हणून लिहितो. पंच म्हणून काम करतो.

फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या, नियमात खेळाडूला घड्याळ थांबवायचा हक्क जवळजवळ नाही. पंचांची मदत हवी असेल तेव्हाच थांबवता येतं. २०२५ च्या एप्रिलमध्ये महिला ग्रां प्री आपल्या पुण्यात झाली, कोनेरू हंपी जिंकली. तिथे कोणी पाणी प्यायला उठलं म्हणून घड्याळ थांबलं असेल का? ज्या मुलाला घरी खिडकी खाली टाकून वेळ वाचवायची सवय लागेल, ते पहिल्याच स्पर्धेत स्वच्छतागृहातून परत येऊन घड्याळाकडे बघत राहील. कुंटे, करवडे, सौम्या स्वामीनाथन असे खेळाडू ज्या गावात घडले त्या गावातल्या वर्गाने मुलांना घड्याळाची सूट देऊ नये, असं माझं स्पष्ट मत.

कमी_तिखट

पंचसाहेब, सात वर्षांचं मूल घरी संगणकाशी खेळतंय. जेवायला उठलंय. ग्रां प्री नाहीये ती.

पटावरचा_पंच

बरं. मग 'विराम' नावाचं ठसठशीत बटण द्या. मुलाने ते स्वतः दाबावं. मी घड्याळ थांबवतोय हे त्याला कळलं पाहिजे, एवढीच माझी अट. आणि विरामात पट झाका. नाहीतर घड्याळ थांबवून निवांत विचार करायची युक्ती सुचायला सात वर्षांच्या मुलाला एक संध्याकाळ पुरते.

तिरका_उंट

हे पटलं. सरांना हेच सांगतो. खिडकी खाली टाकल्याने घड्याळ थांबायला लागलं की पट आपोआप झाकला जातो हे खरं, पण दुसऱ्या खिडकीने अर्धवट झाकलं तर? दुसऱ्या मॉनिटरवर पट आणि पहिल्यावर काम असेल तर? 'दिसत नाही'च्या इतक्या छटा आहेत की घड्याळासारखी गोष्ट त्यावर टांगून ठेवणं धोक्याचं.

डावातलीच अजून एक गोष्ट. मुलाची चाल असताना इंजिन त्याच्या वेळात स्वतःचा विचार करत बसतं, ते पाँडर. ते ठेवू का?

अडीच_घरं

मुलांसाठी मुळातच बंद ठेवा. स्टॉकफिश समोरच्याच्या वेळात विचार न करताही तुमच्या वर्गातल्या सगळ्यांना एकत्र हरवेल. पाँडर बंद असलं की मुलाची चाल असताना इंजिनाचा प्रोसेसर वापर शून्य, मग खिडकी वर असो की खाली. तुमचा अर्धा प्रश्न तिथेच मिटतो. इंजिनाची चाल असताना खिडकी गेली तर त्याने चाल पूर्ण करावी आणि गप्प बसावं.

हिंजवडी_फेज_तीन

मीटिंग संपली. 'गप्प बसावं' यावरच मला बोलायचंय.

एका प्रोग्रॅमची अशी समजूत आहे की इंजिनाने चाल केली की खिडकी आपोआप वर यावी, म्हणजे ग्राहकाला आनंद होईल. मी स्क्रीन शेअर करून क्लायंटला तक्ता दाखवत होतो. तक्त्यावर टुणकन पट उगवला, वर घोड्याचा शह, आणि सोबत 'टक' आवाज. क्लायंट सभ्य निघाला, त्याने फक्त विचारलं की काळ्याकडून कोण खेळतंय.

तेव्हा उंटराव, खाली टाकलेली खिडकी माणसाने हात लावल्याशिवाय वर येता कामा नये. टास्कबारवर चिन्ह लुकलुकवा, फार तर. आवाजही मुळात बंद.

नदीपात्र

लिनक्सवाल्यांच्या वतीने एक माशी शिंकतो. वेलँडमध्ये, म्हणजे लिनक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या व्यवस्थेत, खिडकी मिनिमाइझ झाली हे प्रोग्रॅमला धड कळतच नाही. 'मला खाली टाक' अशी विनंती करता येते, पण 'तुला खाली टाकलंय' असा निरोप येत नाही. २०२३ मध्ये त्या प्रोटोकॉलमध्ये 'सस्पेंडेड' अशी एक अवस्था आली, म्हणजे तू दिसत नाहीस, रंगवू नकोस. पण ती देणं न देणं डेस्कटॉपच्या मर्जीवर, आणि ती का दिली तेही सांगत नाहीत.

त्यामुळे माझ्या मते सगळी चर्चाच चुकीच्या बटणावर चाललीय. विश्लेषणाला खिडकीची अट घालण्यापेक्षा वेळेची मर्यादा घाला. काकांना अमर्याद हवं, त्यांनी अमर्याद मागावं. मुलाला अमर्याद विश्लेषणाची गरजच नाही. त्याचा घोडा फुकट गेला हे स्टॉकफिश पापणी लवायच्या आत सांगतं, पुढचा तासभर ते दशांश चिन्हापुढचे आकडे घोटत बसतं.

कमी_तिखट

हे मला फार आवडलं.

पोस्टकार्डवाला

मलाही चालेल. मर्यादा संपल्यावर 'मर्यादा संपली, अमुक वेळी थांबलो' असं लिहिलेलं दिसलं पाहिजे. आणि 'अमर्याद' हा पर्याय विश्लेषणाच्या बटणाशेजारीच हवा. सेटिंगच्या चौथ्या पानावर पुरून ठेवायचा नाही.

तिरका_उंट

ठीक. आज रात्री बसून असं करतोय. विश्लेषण सुरू करतानाच दोन पर्याय, पाच मिनिटं आणि अमर्याद, आधीपासून निवडलेलं पाच मिनिटं. खिडकी खाली गेली तरी पाच मिनिटांचं काम पुरं होऊ द्यायचं, फक्त रंगवणं बंद, ओळी वाचणं चालू. अमर्याद निवडलं असेल तर यंत्राला जागं ठेवायचं, पण इंजिनाची प्रायॉरिटी एक पायरी खाली, म्हणजे बाकीची कामं अडणार नाहीत. बॅटरीवर असताना अमर्याद मागितलं तर एकदा विचारायचं. थ्रेड आहेत त्याच्या निम्मे, हॅश २५६ एमबी. डावात पाँडर नाही, घड्याळ 'विराम' दाबल्याशिवाय थांबणार नाही, आणि विरामात पट कोरा. झुंज कशालाच बधणार नाही.

अडीच_घरं

प्रायॉरिटी खाली आणणं झुंजीला लागू होणार नाही ना, तेवढं बघा. आणि दोन्ही इंजिनांना थ्रेड सारखेच.

पोस्टकार्डवाला

मी अमर्याद मागितल्यावर प्रायॉरिटी का खाली आणताय? रात्री माझ्या यंत्रावर दुसरं कोण काम करतंय?

आडवा_हत्ती

काका, दुसरं काही चालू नसेल तर प्रायॉरिटी खाली असूनही इंजिनाला सगळा प्रोसेसर मिळतो. रांगेत कोणी आलं तरच ते मागे सरतं. तुमच्या खोलीला धक्का लागणार नाही.

पोस्टकार्डवाला

तपासून सांगतो.

कमी_तिखट

एक शेवटची विनंती. खिडकी खाली असताना इंजिन चालू आहे हे टास्कबारवरच्या नावात दिसेल का? म्हणजे लॅपटॉप हातात घेतल्यावर मला वर आणून बघायला नको.

तिरका_उंट

होईल. 'विश्लेषण चालू, ३ मिनिटं बाकी' असं नावातच टाकतो. डाव चालू असेल तर 'तुमची चाल'. पहिली आवृत्ती शनिवारी वर्गात लावतोय. विंडोज १० वरचा जुना लॅपटॉप कोणाकडे असेल आणि तपासून द्यायची तयारी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, माझ्याकडे फक्त ११ आहे.

हिंजवडी_फेज_तीन

माझ्याकडे आहे, ऑफिसचाच. पण नावात 'तुमची चाल' नको हो, 'तक्ता २' लिहायची सोय ठेवा.